अहो, त्या गाण्यात म्हणे भलतंच काही आहे!

ऐकलंत का? अमेरिकेच्या एफबीआयने, म्हणजे हेर, दरोडेखोर आणि माफियांच्या मागावर असणाऱ्या त्या जगप्रसिद्ध खात्याने, एकदा चक्क दोन-अडीच वर्षं एका गाण्याची चौकशी केली होती! खोटं नाही सांगत. शंभरावर पानांची फाइल आहे, आता ती कुणालाही वाचायला मिळते. गाण्याचं नाव 'लुई लुई'. 'किंग्समेन' नावाच्या पोरसवदा बँडने १९६३ मध्ये ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला ते रेकॉर्ड केलं. स्टुडिओ स्वस्तातला, माइक उंचावर टांगलेला, आणि गाणारा जॅक एली बिचारा मान वर करकरून ओरडतोय. परिणाम असा की एक शब्द धड कळेना. आता शब्द कळत नाहीत म्हटल्यावर पोरंटोरं गप्प बसतात होय? त्यांनी आपापले शब्द भरले. ते शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या शाळा-कॉलेजांतून फिरायला लागल्या. त्या चिठ्ठ्यांत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, घरात लहान मुलंही वाचतात.

मग व्हायचं तेच झालं. १९६४ च्या सुरुवातीला अशी एक चिठ्ठी एका पालकांच्या हाती पडली आणि त्यांनी पत्र लिहिलं ते थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना. इंडियाना राज्याच्या गव्हर्नरसाहेबांनीही गाणं अश्लील ठरवून टाकलं आणि रेडिओवाल्यांना ते न लावण्याची विनंती केली. एफबीआयच्या प्रयोगशाळेत तबकडी आली. कडक इस्त्रीचे सूट घातलेले गंभीर चेहऱ्याचे पुरुष ती कधी हळू फिरवतायत, कधी जोरात फिरवतायत, कान लावून बसलेत, आणि सरकारी खर्चाने चावट शब्द शोधतायत. निष्कर्ष काय निघाला? कोणत्याही वेगाने लावा, शब्द कळत नाहीत!

खरे शब्द तर आधीपासून नोंदलेले होते. रिचर्ड बेरीने हे गाणं १९५७ मध्येच बाजारात आणलं होतं. एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या लुईला सांगतोय, बाबा रे, माझी पोरगी समुद्रापलीकडे वाट बघतेय, मला आता निघायला हवं. एवढंच. सात्त्विक म्हणावं इतकं साधं. बेरीने त्याचे हक्क लग्नाच्या खर्चापायी अवघ्या ७५० डॉलरला विकले होते आणि पुढे गाणं तुफान चाललं तेव्हा हात चोळत बसला. आणि आता कान इकडे करा. रेकॉर्डिंग चालू असताना ड्रम वाजवणाऱ्याचा काही घोटाळा झाला आणि त्याच्या तोंडून एक अस्सल शिवी निघून गेली. जाणकार सांगतात, ती रेकॉर्डवर आहे, पहिलं मिनिट संपायच्या आत, बारीक आवाजात. सगळ्या गाण्यात खरोखर वाईट म्हणावा असा तेवढाच शब्द. तोच नेमका एफबीआयला सापडला नाही!

सरकारच असे उद्योग करतं म्हटल्यावर कॉलेजातल्या पोरांना कोण बोलणार? १९६९ च्या सप्टेंबरात आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात छापून आलं, की बीटल्सचा पॉल मॅकार्टनी म्हणे मेलेला आहे. ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या रेडिओवर एकाने फोन करून रस गिब या निवेदकाला सांगितलं, ते अमुक गाणं उलटं वाजवा, मेलेल्या माणसाबद्दल काही ऐकू येतंय बघा. गिबने उलटं वाजवलं. झालं! त्या महिन्यात अमेरिकेतल्या किती तबकड्यांना ओरखडे पडले असतील त्याची गणतीच नाही, कारण तबकडी उलटी फिरवायची तर बोटानेच फिरवावी लागते.

कहाणी अशी. पॉल १९६६ मध्ये मोटार अपघातात गेला, बाकीच्या तिघांनी त्याच्यासारखा दिसणारा कुणी पकडून आणला, आणि मग मन खातंय म्हणून गाण्यांत आणि वेष्टनांवर खुणा पेरून ठेवल्या. आता मला सांगा, एवढं कारस्थान करणारी माणसं ते लपवतील की त्याची कोडी छापतील? पण असले प्रश्न विचारायचे नसतात, रसभंग होतो. त्यांच्या 'ॲबी रोड' अल्बमचं मुखपृष्ठ डोळ्यांसमोर आणा. चौघं रस्ता ओलांडतायत. जॉन पांढऱ्या कपड्यांत, म्हणून तो धर्मगुरू. रिंगो काळ्यात, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणारा. जॉर्ज डेनिममध्ये, तो खड्डा खणणारा. आणि पॉल अनवाणी, म्हणजे प्रेत! ऑगस्टातली सकाळ होती, उकडत होतं, म्हणून त्याने चपला काढल्या होत्या, हे कुणी ऐकूनच घेईना.

मागे एक पांढरी फोक्सवॅगन उभी आहे. तिचा नंबर एलएमडब्ल्यू २८१ एफ. त्यातला एकचा आकडा इंग्रजी 'आय' म्हणून वाचला की होतं 'ट्वेंटी-एट इफ'. म्हणजे जिवंत असता तर अठ्ठावीस वर्षांचा असता. आता पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा. हिशेब करा, सत्तावीसच भरतात. पण चाहते कुठले हार मानायला? ते म्हणाले, हिंदुस्थानात वय गर्भापासून मोजतात आणि बीटल्स तर नुकतेच ऋषिकेशला महर्षींकडे जाऊन आलेले! बघा, कुठून कुठे आपल्याला गोवलं. इतकं लांब जायचं कारणच नव्हतं. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने एका दमात सांगितलं असतं, सत्तावीस पुरी झाली, अठ्ठाविसावं लागलंय.

बरं, नंबरातली पहिली तीन अक्षरं म्हणजे 'लिंडा मॅकार्टनी रडतेय' असंही ठरलं. लिंडा पॉलला पहिल्यांदा भेटली १९६७ मध्ये आणि लग्न झालं १९६९ मध्ये. म्हणजे आधी नवरा वारला, मग ओळख झाली, मग लग्न, आणि मग ती त्याच्यासाठी रडायला बसली! अहो, दुपारच्या मालिकांतसुद्धा इतकं करत नाहीत. ती गाडी त्या रस्त्यावरच्या स्टुडिओसमोर राहणाऱ्या कुणाची तरी होती. तिच्या नंबरच्या पाट्या लोकांनी पुनःपुन्हा चोरून नेल्या.

यातला सगळ्यात गोड गुन्हेगार म्हणजे फ्रेड लाबूर. मिशिगन विद्यापीठातला विद्यार्थी. कॉलेजच्या वर्तमानपत्रासाठी 'ॲबी रोड'चं परीक्षण लिहायला बसला आणि परीक्षणाऐवजी त्याने पॉलचा मृत्युलेखच लिहून टाकला. खुणा सुचतील तशा रचल्या, तोतयाचं नावसुद्धा ठेवलं. ते सगळं देशभर खरं म्हणून फिरलं. पुढे टीव्हीवर या प्रकरणाचा नाटकी खटला उभा राहिला, एफ. ली बेली हे नामांकित वकील उलटतपासणीला! लाबूरने त्यांना आधीच गाठून कबूल केलं, साहेब, मी हे सगळं मनाने लिहिलंय. बेलींनी म्हणे सांगितलं, आपल्याला तासाभराचा कार्यक्रम करायचाय, तेव्हा सांभाळून घ्या. आणि त्याने घेतलं!

शेवटी 'लाइफ' मासिकाचे लोक स्कॉटलंडला पॉलच्या शेतावर जाऊन थडकले. तो संतापून अंगावर पाणी फेकायला धावला, मग निवळला, मुलाखत दिली, बायकामुलांबरोबर फोटो दिला. नोव्हेंबरच्या अंकावर तो झळकला, जिवंत, गुटगुटीत. मिटलं ना? छे! त्या मुखपृष्ठाच्या पाठीमागच्या पानावर मोटारीची जाहिरात होती. पान उजेडात धरलं की म्हणे मोटार बरोबर पॉलला आडवी कापत जाते. पॉल पुढे ऐंशी ओलांडूनही स्टेजवर उभा राहून गातोय, आणि त्याच्याकडे बोट दाखवून 'हा तो नव्हेच' म्हणणारी मंडळीही आहेत. नकार दिला की संशय पक्का होतो, या धंद्याचं हेच तर भांडवल आहे.

जॉन लेननचंच बघा ना. त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं त्याला पत्र आलं, की आमचे मास्तर वर्गात तुमच्या गाण्यांचा अर्थ लावायला सांगतात. ज्या शाळेने या कार्ट्याचं काही होणार नाही असं ठरवलं होतं, तिथे आता त्याच्या गाण्यांचं रसग्रहण! लेननने बसून 'आय ॲम द वॉलरस' लिहिलं, जाणूनबुजून आगापिछा नसलेलं, आणि जवळच्या मित्राला सांगितलं, आता लावू दे म्हणावं अर्थ. भाषा बरीच झणझणीत होती, मी सौम्य करून सांगितली. आणि लोकांनी खरंच लावला की! प्रबंध लिहिले. पुढल्या वर्षी त्याने 'ग्लास अनियन' नावाचं आणखी एक गाणं याच लोकांची टर उडवायला केलं, त्यातही खुणा सापडल्या. उलट जिथे तो खरं सांगत होता तिथे कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. 'लूसी'चं गाणं. मुलगा ज्युलियन बालवाडीतून चित्र घेऊन आला, चित्रात वर्गातली मैत्रीण लूसी, आकाशात, हिऱ्यांबरोबर. शीर्षकातल्या इंग्रजी नामांची आद्याक्षरं जुळवली की एलएसडी, म्हणजे नशेचं द्रव्य होतं, ही लोकांची कुरकुर. लेनन मरेपर्यंत सांगत होता की माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. एलएसडी आपण घेत होतो हे ज्या माणसाने कधी लपवलं नाही, तो एवढ्या एका गाण्याबद्दल खोटं कशाला बोलेल? पण चित्रातली बालवाडीची पोर कुणाला हवी असते!

हसता हसता एक सांगून टाकते, कारण ते गाळणं बरं नाही. त्याच १९६९ च्या ऑगस्टात कॅलिफोर्नियात चार्ल्स मॅन्सन नावाच्या माणसाच्या टोळक्याने खून पाडले. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बममधली गाणी आपल्यालाच उद्देशून आहेत, त्यांत येऊ घातलेल्या वंशयुद्धाचा संदेश आहे, असं त्याने माणसांच्या डोक्यात भरल्याचं खटल्यात मांडलं गेलं. त्यातलंच एक गाणं 'हेल्टर स्केल्टर'. हेल्टर स्केल्टर म्हणजे इंग्लंडच्या जत्रेतली गोल घसरगुंडी. पोरं वरून सूं करून खाली येतात ती.

असो. बॉब डिलनला तर एका अभ्यासकाने इतकं पिडलं, की विचारू नका. गाण्यांचा अर्थ गाण्यांत मिळेना, म्हणून हा महाभाग न्यूयॉर्कमध्ये डिलनच्या दारातला कचऱ्याचा डबा उपसू लागला. डब्यात काय, तान्ह्या मुलांचे खराब झालेले लंगोट. स्वतःला तो 'डिलनशास्त्रज्ञ' म्हणवत असे. डिलनला २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. कमिटीने निदान फक्त कविता वाचल्या असाव्यात.

सगळेच गायक असे छळले गेले असं मात्र नाही. काहींनी हवा ओळखली. कार्ली सायमन या बाईंचं १९७२ चं 'यू आर सो व्हेन' घ्या. एका आत्मप्रेमात बुडालेल्या पुरुषाला केलेली आहेर-परतफेड. तो कोण? हे बाई सांगेचनात! मिक जॅगर असेल म्हणाल, तर तो त्याच गाण्यात मागे कोरसमध्ये गातोय. वर्षामागून वर्षं गेली. २००३ मध्ये बाईंनी काय करावं? दानधर्मासाठीच्या एका लिलावात ते गुपितच विकायला काढलं! डिक एबरसोल या टीव्हीतल्या बड्या गृहस्थांनी ५० हजार डॉलर मोजले, अट अशी की ऐकायचं आणि कुणाला सांगायचं नाही. पन्नास हजार डॉलर देऊन गुपित घ्यायचं आणि पोटात ठेवायचं! ही शिक्षा आहे की बक्षीस? २०१५ मध्ये बाईंनी एवढं कबूल केलं, की दुसरं कडवं वॉरन बेट्टी या नटावर आहे. उरलेली दोन कडवी दोन वेगळ्या पुरुषांची. आणि बेट्टीला मात्र सगळं गाणं आपल्यावरच आहे असं वाटतं, हेही त्यांनी सांगून टाकलं. आत्मप्रेमी म्हणतात तो हाच, दुसरा पुरावा कशाला हवा?

डॉन मॅक्लीनही तसलाच वस्ताद. त्याचं १९७१ चं 'अमेरिकन पाय' साडेआठ मिनिटांचं. १९५९ मध्ये विमान अपघातात गेलेल्या बडी हॉलीपासून ते सुरू होतं, एवढं तो मान्य करतो. पुढचा राजा कोण, विदूषक कोण, यावर लोकांनी टाचणी टाचणी लावून नकाशे केले. अर्थ विचारला की तो सांगायचा, याचा अर्थ मला पुन्हा कधी काम करावं लागणार नाही. २०१५ मध्ये गाण्याचा हस्तलिखित खर्डा लिलावात बारा लाख डॉलरला गेला, तेव्हा तो अर्थ सगळ्यांना नीट समजला.

या गाण्याचा एक विक्रम होता, बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलेलं सर्वांत लांब गाणं. तो मोडला २०२१ मध्ये टेलर स्विफ्टने, दहा मिनिटांच्या 'ऑल टू वेल'ने. पोरीने मॅक्लीनला फुलं पाठवली, संस्कार आहेत हो. आणि इथे मी माझ्या भाचीला मध्ये आणते, कारण या विषयात तिच्यापुढे डिलनशास्त्रज्ञ पाणी भरेल.

'मावशी, तो स्कार्फ कुठंय माहितीये?' ती मला भर जेवणात विचारते.

'कुठला गं? तुझा? कपाटात बघ.'

'माझा नाही गं! टेलरचा! ती त्याच्या बहिणीच्या घरी विसरली ना!'

तर, गाण्यात एक स्कार्फ जुन्या प्रियकराच्या बहिणीकडे राहतो. प्रियकर म्हणजे नट जेक जिलनहाल हे चाहत्यांनी ठरवलं, बाईंनी कधी नाव घेतलं नाही. मग बहीण म्हणजे मॅगी जिलनहाल. तिला बिचारीला एका टीव्ही कार्यक्रमात विचारलंसुद्धा, स्कार्फ आहे का हो तुमच्याकडे? ती म्हणाली, मला सगळे हेच का विचारतात तेच कळत नाही. भाचीच्या मते हे उत्तर फार संशयास्पद आहे.

भाचीला मी दोष देत नाही, कारण या टेलरबाईंनी स्वतःच पोरांना ही चटक लावली. सुरुवातीच्या अल्बमांच्या पुस्तिकांत गाण्याच्या मजकुरात मधेच एखादं अक्षर मोठ्या लिपीत छापलेलं असायचं, ती अक्षरं जुळवली की गुप्त निरोप. जन्मतारीख १३, म्हणून तेराचा आकडा जिथेतिथे. आता तर बाई कुठे दोन बोटं वर करून दिसल्या, की पोरी पंचांग मांडून बसतात, की नवा अल्बम दोन तारखेला, दोन महिन्यांनी, की दोन अल्बम? हार्वर्डमध्ये २०२४ मध्ये तिच्यावर रीतसर अभ्यासक्रम झाला. भाचीच्या आईला वाटतं, एवढी चिकाटी सीएच्या परीक्षेला दाखवली असती तर...

पण आपण कुठल्या तोंडाने हसायचं, हाही प्रश्नच आहे. एकनाथांच्या भारुडातला विंचू हा विंचू नसून काम-क्रोध आहे, हे आपल्याला कीर्तनात कळलं ते पाळण्यात असल्यापासून. गौळणीत कृष्णाने मडकं फोडलं की बुवा लगेच सांगणार, मडकं म्हणजे देह, माउली! नाथांनी तो अर्थ घातलेलाच होता, ही गोष्ट वेगळी. पण सवय लागली ती लागलीच. दादा कोंडक्यांच्या गाण्यांना आपण पुढच्या रांगेत बसून हसलो, तिथेही दोन अर्थ, वरचा सेन्सॉरला आणि खालचा थेटराला. आणि ग्रेस! दुर्बोध म्हणून शिक्का बसलेला कवी, हृदयनाथांनी चाल लावली आणि घराघरात गेला. ग्रेस यांच्या पावसाच्या गाण्याची 'खरी कहाणी' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्या सरीबरोबर येतेच, कहाणी दर वेळी थोडी वेगळी, शेवटी रडका चेहरा मात्र तोच.

१९९३ चं चोळीचं गाणंही विसरू नका. 'खलनायक' चित्रपट, आनंद बक्षींचे शब्द, पडद्यावर माधुरी. काय तो गहजब! दिल्लीत एका वकिलांनी कोर्ट गाठलं. आता त्या गाण्यात प्रश्न विचारतात इला अरुण आणि उत्तर देतात अलका याज्ञिक, आणि उत्तर काय, तर चोळीच्या आत हृदय आहे. शरीरशास्त्राच्या मास्तरांनीही पूर्ण मार्क दिले असते. पण प्रश्न कानावर पडताच मंडळी वहाणा घालून तक्रार करायला निघाली, उत्तर ऐकायला थांबतंय कोण?

माझी खरी तक्रार इथे आहे. जिथे काही पुरलेलं नाही तिथे लोक कुदळ-फावडं घेऊन उतरतात, आणि जिथे सगळं अंगणात वाळत घातलंय तिथे बघतसुद्धा नाहीत. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' १९८४ चं. व्हिएतनामहून परत आलेल्या आणि कुणी दारात उभं न केलेल्या माणसाचं गाणं, स्वच्छ इंग्रजीत, ओरडून ओरडून सांगितलेलं. ते देशभक्तीचं गाणं म्हणून झेंडे फडकावत म्हटलं जातं. ते गाजत असतानाच निवडणुकीच्या धामधुमीत राष्ट्राध्यक्ष रेगन न्यू जर्सीत जाऊन म्हणाले, की या स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे. उलटं वाजवून ऐकलं असेल!

आणि 'पोलिस' बँडचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवणारा माणूस, तिचं पाऊल, तिचा श्वास, काही नजरेतून सुटू देणार नाही म्हणतोय. ते लिहिणारा स्टिंग स्वतःच सांगत आलाय की हे गाणं दुष्ट आहे. तरी लोक ते लग्नात वाजवतात. अमेरिकेतच नव्हे हं! परवाच एका रिसेप्शनला गेलो होतो. स्टेजपुढे लांबच लांब रांग, प्रत्येकाच्या हातात पाकीट, एका बाजूला पाणीपुरीचा स्टॉल, आणि स्पीकरवर सॅक्सोफोनवर वाजवलेलं हेच गाणं, मधाळ, संथ. नवरी हसून हसून गाल दुखलेली. शेजारच्या काकू मान डोलावत म्हणाल्या, 'किती छान शांत म्युझिक लावलंय, नाही? नाहीतर हल्ली नुसता दणदणाट.' भाची माझ्या कानाशी लागली आणि तिने गाण्याचा अर्थ सांगितला, कडव्यागणिक. मी जरा चौकशी केली. गाण्यांची यादी मुलाने स्वतः करून पाठवली होती म्हणे.